स्वयंचलित दारे आणि शेवटचे शेत

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. मूळ दगडी धरण १८७० च्या दशकात बांधले गेले. पुणे शहरास व लष्करी छावणीस पिण्याचे पाणी मिळावे आणि खालच्या अंगाच्या शेतीस कालव्याने भिजवण मिळावी, हा त्याचा दुहेरी हेतू होता. इंग्रजी अमदानीत या जलाशयास फाइफ सरोवर म्हणत.

धरण झाले, तरी एक अडचण राहिली. पावसाळ्यात जलाशय काठोकाठ भरे व सांडव्यावरून पाण्याचे लोट वाहून जात. पुढे उन्हाळा आला म्हणजे तेच पाणी शहरास अपुरे पडे व शेतासही अपुरे पडे. धरणाची भिंत उंच करावी, तर पुराचे पाणी आणखी वर चढणार, भिंतीवर भार वाढणार आणि मागील बाजूची जास्त जमीन बुडणार. सांडव्याच्या माथ्यावर साधी दारे बसवावीत, तर ती वेळेवर उघडणार कोण? मध्यरात्री धो धो पाऊस पडत असता पहारेकरी अर्धा तास उशिरा पोहोचला, तर सबंध धरणास धोका संभवतो.

या अडचणीतून मार्ग काढला तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. ते मूळचे म्हैसूर संस्थानातील असले, तरी स्थापत्यशास्त्राचे शिक्षण त्यांनी पुण्यासच घेतले व १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस प्रारंभ केला. खडकवासल्याच्या सांडव्यासाठी त्यांनी स्वयंचलित दारांची योजना आखली व १९०३ साली ती दारे तेथे बसली. पूर्वीच्या सर्वोच्च पूररेषेपर्यंत ही दारे पाणी अडवून धरीत. त्या रेषेच्या वर पाणी चढले की ती आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यासाठी माणूस, तेल वा वीज यांपैकी कशाचीही गरज नव्हती. वजनांच्या तोलावर टांगलेल्या दारांना चढत्या पाण्याचाच जोर हालवीत असे. भिंत न वाढविता जलाशयाची पातळी सुमारे ८ फूट वर ठेवता आली व साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. पुढे ग्वाल्हेरनजीकच्या तिगरा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच पद्धतीची दारे बसविण्यात आली.

आज ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द खेड्यापाड्यांतून ऐकू येतो. विहिरीवरील पंप आपोआप सुरू होतो, ठिबक संचाची झडप ठरल्या वेळी उघडते, पॉलिहाउसमधील पडदे आपोआप सरकतात. कालव्यांवरही अशी यंत्रे येत आहेत. ही यंत्रे कोणत्या तत्त्वावर चालतात, त्यांच्याकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण यंत्र बसविले म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतास पाणी मिळालेच, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो व तो खरा नाही.

स्वयंनियंत्रणाचे तत्त्व

घराच्या माळ्यावरील पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. टाकी रिकामी होऊ लागली की गोळा खाली येतो व नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर जातो व नळ बंद होतो. या साध्या साधनात स्वयंनियंत्रणाचे सर्व तत्त्व सामावलेले आहे. त्याचे तीन भाग पाडता येतात. पहिला भाग मोजण्याचा. गोळा पाण्याची पातळी जाणतो. दुसरा भाग ताडून पाहण्याचा. पातळी ठरविलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, हे दांडीच्या तिरकेपणावरून ठरते. तिसरा भाग कृतीचा. नळाची झडप उघडते वा मिटते. कृतीचा परिणाम पुन्हा मोजला जातो, म्हणून हे चक्र अखंड चालते. या तिहींपैकी एकही भाग बिघडला, तर उरलेले दोन निरुपयोगी ठरतात. गोळ्यास भोक पडले की उत्तम नळ असूनही टाकी वाहू लागते.

हे तत्त्व शेतीस नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने आपोआप उष्णता राखणारी भट्टी तयार केली. तिचा एक उपयोग अंडी उबविण्याकडे होता. भट्टी जास्त तापली की नळीतील पारा चढे व हवेची झडप मिटे. भट्टी निवली की झडप उघडे. आज अंडी उबविण्याच्या यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सियस उष्णता २१ दिवस राखली जाते, तीही याच तत्त्वावर. कुक्कुटपालकांना हे वेगळे सांगावयास नको. यंत्रातील तापमापक चुकीचा आकडा दाखवू लागला, तर हीटर, पंखा व वीज सर्व ठाकठीक असूनही अंडी वाया जातात. मोजणे बिघडले की नियंत्रण बिघडते.

थंड देशांतील नगरांची ऊब

एकाच ठिकाणाहून अनेकांना पुरवठा करावयाचा, वाटेत गळती होऊ द्यावयाची नाही आणि शेवटच्या माणसास वंचित ठेवावयाचे नाही, हा प्रश्न केवळ आपल्या कालव्यांचा नाही. थंड देशांतील शहरांना तो उष्णतेच्या बाबतीत सोडवावा लागला. त्यांचा अनुभव आपणांस बोधप्रद आहे.

पुण्याची थंडी शेकोटीने वा रजईने भागते. परंतु युरोपच्या उत्तर भागात हिवाळ्याचे कित्येक महिने घर तापविल्यावाचून राहता येत नाही. प्रत्येक घरी निराळी भट्टी पेटविण्याऐवजी गावास मिळून एक मोठे उष्णताकेंद्र चालवावे व जमिनीखालील नळांतून गरम पाणी घरोघर न्यावे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. या व्यवसायाचा आरंभ अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या लॉकपोर्ट गावी १८७७ साली बर्डसिल हॉली यांनी वाफेच्या नळांनी केला. आज डेन्मार्क देशातील सुमारे दोन तृतीयांश घरांना अशा सामाईक केंद्रांतून ऊब मिळते.

आपल्याकडील साखर कारखाना ज्यांनी आतून पाहिला आहे, त्यांस ही कल्पना सहज पटेल. कारखान्यात बगॅस जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात. ती वाफ प्रथम टर्बाइन फिरविते व वीज देते. मग तीच उरलेली वाफ उसाचा रस तापविण्यास व आटविण्यास वापरतात. डेन्मार्कमधील अनेक केंद्रे असेच करतात. वीज निर्माण करून झाल्यावर जी उष्णता एरवी वाया गेली असती, ती गावाच्या नळांत सोडतात.

या नळांचे नियंत्रण कसे होते? केंद्राबाहेर एक तापमापक असतो. बाहेर थंडी वाढली की तो केंद्रास कळवितो व नळांत सोडावयाचे पाणी अधिक तापविले जाते. प्रत्येक इमारतीत एक झडप असते. खोली पुरेशी उबदार झाली की ती आपोआप मिटते. घरात उष्णता देऊन निवलेले पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परत येते. ते किती निवून आले, यावरून गावाने किती ऊब वापरली हे कळते. ते फार गरम परत आले, तर कोठे तरी ऊब वापरल्याविनाच पाणी फिरत आहे, असे समजावे.

यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट पंपाची आहे. पंप केंद्रात असतो. तो किती जोराने चालवावा, हे मात्र केंद्रातील दाबावरून ठरवीत नाहीत. नळाच्या अगदी शेवटी, सर्वांत दूरच्या वा सर्वांत अडचणीच्या इमारतीपाशी, जाणारा नळ व येणारा नळ यांमधील दाबाचा फरक मोजतात. तो फरक ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पंपाचा वेग वाढतो. मर्यादेवर गेला की वेग कमी होतो. म्हणजे सबंध गावाच्या पंपाचा लगाम शेवटच्या घराच्या हाती असतो. शेवटच्या घरी ऊब पोहोचली असेल, तर अलीकडील सर्व घरी ती पोहोचलेली असणारच, हा त्यामागील साधा विचार होय.

कालव्याचे निराळेपण

आता हाच विचार कालव्यास लावून पाहू. खडकवासल्यापासून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली व दौंड तालुक्यांतून इंदापूर तालुक्याकडे जातो. त्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ अब्ज घनफूट धरला जातो. याच साठ्यातून पुणे शहर पाणी पिते आणि याच साठ्यावर कालव्याखालील ऊस, गहू, ज्वारी, हरभरा व फळबागा यांची भिस्त असते.

उष्णतेचे जाळे काही किलोमीटरांचे असते. पाणी सेकंदास १ मीटर वेगाने वाहत असेल, तर १० किलोमीटर जाण्यास त्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. कालव्यात सेकंदास पाऊण मीटर वेग धरला, तर २०० किलोमीटरांस सुमारे तीन दिवस लागतील. याचा अर्थ असा, की इंदापूरकडील शेतकऱ्याने आज पाणी मागितले व आजच मुखाशी दार उचलले, तरी ते पाणी त्याच्या वाट्याच्या चारीवर तिसऱ्या दिवशी पोहोचणार. तोपर्यंत वळवाची सर आली, तर नको असलेले पाणी वाटेत असणार व ते ओढ्यानाल्यांस जाणार. बंद नळात दाबाचा संदेश क्षणार्धात पोहोचतो. उघड्या कालव्यात तो पाण्याच्या लाटेबरोबर सावकाश जातो. म्हणून कालव्याचे स्वयंनियंत्रण अधिक अवघड असते व त्यास पूर्वसूचनेची जोड द्यावी लागते. नमुना ७ वरील पाणीअर्ज वेळेवर भरण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे हेही एक कारण आहे. तो अर्ज म्हणजे शेवटच्या शेतावरून मुखाकडे पाठविलेला संदेशच होय.

महाराष्ट्रात कालव्याच्या स्वयंनियंत्रणाचे प्रयत्न झालेले आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगाव प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्याने संगणकाधारित नियमनाची योजना आखण्यात आली. कालव्यातील पातळ्या ठिकठिकाणी मोजून त्या एका केंद्राकडे कळवावयाच्या व तेथून दारे हालवावयाची, असा तिचा आशय होता. अशा योजनांचा खर्च मोठा असतो व त्यांची देखभाल कुशल माणसांवाचून होत नाही.

तथापि अडचण केवळ यंत्राची नाही. चारीवर नेहमी ऐकू येणारा संवाद असा असतो. पाटकरी म्हणतो, “वरून पाणी पुरते सोडले आहे.” शेवटचा शेतकरी म्हणतो, “दादा, माझ्या बांधावर अजून ओल नाही.” दोघेही खरे बोलत असतात. एक मुखाशी पाहतो, दुसरा शेवटाशी पाहतो; आणि मधल्या वाटेवर काय झाले, हे कोणीच मोजलेले नसते. रात्रीची पाळी आलेला शेतकरी हाती फावडे व विजेरी घेऊन बांधावर बसतो. पाण्याची चाहूल लागते तोच पाळीची वेळ संपत आलेली असते. हरभऱ्याचे फुलोऱ्यातील एक पाणी चुकले म्हणजे घाटे पोसत नाहीत. गव्हाचे मुकुटमुळे फुटतेवेळचे, म्हणजे पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांचे, पाणी चुकले तर फुटवे कमी येतात. या नुकसानीची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही.

यंत्राच्या मर्यादा

स्वयंचलित यंत्र ज्या मर्यादेसाठी रचलेले असते, त्या मर्यादेतच ते काम करते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्याचे काम पुरते झालेले नसताना त्यात पाणी साठले होते. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला व जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीचा त्यात विध्वंस झाला. नेहमीच्या पुरासाठी जुळविलेली कोणतीही दारे वरचे सबंध धरण फुटून आलेला लोंढा पेलू शकत नाहीत. पुढे खडकवासल्याचे धरण दुरुस्त करून पुन्हा उभे करण्यात आले. आज त्याची दारे विजेच्या यंत्राने उचलली जातात. परंतु किती विसर्ग सोडावयाचा, हा निर्णय माणसेच घेतात.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलानजीक मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली व काठच्या वस्तीत पाणी शिरून अनेक संसार उघड्यावर आले. दारावरील यंत्र पाण्याची पातळी सांगते. भरावातील झिरप, उंदराखेकड्यांची बिळे वा झाडांची मुळे त्यास दिसत नाहीत. त्यासाठी काठावरून चालत जाणारा माणूसच लागतो. यंत्र आले म्हणून कालव्यावरील फेरी बंद करणे घातक होय.

शहराचे नळ व परतीचे पाणी

शहर व शेत यांचा जलाशय एक असल्यामुळे शहरातील गळती हा शेतकऱ्याचाही प्रश्न ठरतो. पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजना हाती घेतली. तिच्यात नव्या टाक्या, नव्या नलिका व पाण्याचे मीटर यांचा समावेश आहे. अशा योजनेचे तत्त्व असे, की शहराचे लहान विभाग पाडावेत, विभागात शिरणारे पाणी एका मीटरने मोजावे व त्याच विभागातील घरोघरच्या मीटरांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावी. दोहोंतील फरक म्हणजे गळती अथवा नोंद न झालेला वापर. फरक कोठे मोठा आहे हे कळले, म्हणजे रस्ते कोठे खणावयाचे हे कळते. चारीवर हीच रीत कशी लावता येते, हे पुढे सांगितले आहे.

उष्णतेच्या जाळ्यात परतीच्या नळास जे महत्त्व आहे, तेच शहराच्या बाबतीत सांडपाण्यास आहे. शहराने वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग नाहीसा होत नाही; तो नदीकडे परत येतो. पुण्याच्या पूर्वेस मुंढवा येथे उपसा केंद्र उभारून प्रक्रिया केलेले पाणी उचलण्याची व जुन्या मुठा कालव्यातून, ज्यास लोक बेबी कालवा म्हणतात, खालच्या शेतीस देण्याची व्यवस्था करण्यात आली. अशा पाण्याचा वापर करणाऱ्या शेतकऱ्यांनी पाण्याची व जमिनीची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस ते देऊ नये, हे इष्ट होय.

चारीवर काय करता येईल

मोठ्या कालव्यावरील यंत्रे शासनाच्या हाती असतात. चारी मात्र शेतकऱ्यांच्या हाती आहे. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांस पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, देण्याची तरतूद झाली. संस्थेच्या संचालक मंडळात मुखाकडील, मधल्या व शेवटच्या भागांतील शेतकऱ्यांस सारखे प्रतिनिधित्व ठेवण्यात आले. कायद्याने मापाचा हक्क दिला आहे. माप घेण्याचे काम गावानेच करावयाचे आहे.

लहान चारीसाठी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा हे स्वस्त व भरवशाचे साधन आहे. खाचेचा कोन ९० अंशांचा, कडा धारदार व पत्रा चारीस आडवा, उभ्या ओळंब्यात आणि समपातळीत असावा. पलीकडे पडणारे पाणी मोकळे पडले पाहिजे. ते खाचेपर्यंत तुंबल्यास माप चुकते. मोजपट्टी पत्र्यास चिकटवून लावू नये. पत्र्याजवळ पाणी खाली वाकते, म्हणून पट्टी सुमारे १ मीटर वरच्या अंगास लावावी व तिचे शून्य खाचेच्या तळाच्या टोकाशी जुळवावे.

खाचेवरील पाण्याची उंची १० सेंटिमीटर असता सेकंदास सुमारे ४.४ लिटर पाणी वाहते. उंची १५ सेंटिमीटर असता सुमारे १२ लिटर व २० सेंटिमीटर असता सुमारे २५ लिटर वाहते. उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट होत नाही. ते साडेपाच पटींहून अधिक होते. ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवून द्यावी.

असे समजू, की चारीच्या मुखाशी पट्टी २० सेंटिमीटर दाखविते व शेवटाशी १५. डोळ्यांस फरक अवघा ५ सेंटिमीटरांचा, म्हणजे चार बोटांहूनही कमी दिसतो. परंतु मुखाशी २५ लिटर असलेले पाणी शेवटाशी १२ लिटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी झालेले असते. एक एकरास ५ सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यावयाचे, तर सुमारे २ लाख लिटर लागतात. मुखाकडील शेतकऱ्याचे काम सव्वादोन तासांत होईल. शेवटच्या शेतकऱ्यास सुमारे पावणेपाच तास लागतील. दोघांनाही एकरी सारखेच तास वाटून दिले, तर घड्याळ सारखे राहील, पाणी सारखे राहणार नाही. शेजपाळीचे तास ठरविताना हा हिशेब धरणे न्यायाचे होईल.

यास्तव प्रत्येक चारीवर मुखाशी, मध्यावर व शेवटाशी अशी तीन मापे बसवावीत. प्रत्येक पाळीत पाणी आल्यावर, मध्यंतरी व बंद होण्यापूर्वी अशा तीन वेळा पट्टी वाचून ती एका वहीत लिहावी. तारीख व वेळ टाकण्यास विसरू नये. वही संस्थेच्या कार्यालयात कोणासही पाहावयास मिळेल अशी ठेवावी. मुख व मध्य यांतील घट मोठी असेल, तर त्या तुकड्यातील गवत, गाळ, फुटलेले बांध व अनधिकृत तोंडे पाहावीत. मध्य व शेवट यांतील घट मोठी असेल, तर तेथे दुरुस्ती करावी. सबंध चारीची दुरुस्ती करण्यास पैसा नसला, तरी नेमक्या तुकड्याची दुरुस्ती श्रमदानाने होऊ शकते. शेवटचे माप शक्यतो शेवटच्या शेतकऱ्यानेच वाचावे. आपल्या वाट्याचे पाणी किती आले, हे त्यास तक्रारीच्या नव्हे तर आकड्याच्या भाषेत सांगता येईल आणि पाटकऱ्यासही ते मान्य करणे सोपे जाईल.

ज्यांनी ठिबक वा तुषार संच बसविले आहेत व त्यांस स्वयंचलित झडपा जोडल्या आहेत, त्यांनीही हाच नियम पाळावा. वेळेवर उघडणारी झडप फक्त वेळ जाणते. जमिनीतील ओल जाणत नाही. ओल मोजण्याचे साधन मुळांच्या खोलीवर बसवून त्याप्रमाणे झडप चालविली, तरच तिला नियंत्रण म्हणता येईल. शेवटच्या नळीच्या शेवटच्या तोटीखाली भांडे ठेवून ठराविक वेळेत पडलेले पाणी मोजावे व पहिल्या तोटीच्या पाण्याशी ताडून पाहावे. फरक मोठा असेल, तर गाळणी धुवावी, नळीचे टोक उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ द्यावा व दाब तपासावा. तापमापक, ओलमापक व मोजपट्ट्या वर्षातून एकदा तरी पडताळून घ्याव्यात.

खडकवासल्याच्या जुन्या दारांनी पुण्यास व कालव्यास पाण्याचा अधिक साठा मिळवून दिला, तो पाणी कोणत्या रेषेपर्यंत अडवावयाचे हे आधी नेमके ठरले होते व ती रेषा दारांस जाणवत होती म्हणून. डेन्मार्कमधील केंद्र शेवटच्या घराच्या दाबावर आपला पंप चालविते. आपल्या चारीवर संगणक येईल तेव्हा येवो. शेवटच्या शेताच्या तोंडाशी एक पत्रा, एक पट्टी व एक वही ठेवण्यास कोणाची वाट पाहावी लागत नाही. पुढील आवर्तनापूर्वी प्रत्येक पाणी वापर संस्थेने निदान एका चारीवर हे काम करून पाहावे व त्यासाठी गावातील कार्यकर्त्याने शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधापासून सुरुवात करावी.